जुन्या घरातील विद्युत तारजोडणीची खरेदीपूर्व तपासणी

जुने घर विकत घेण्यापूर्वी त्यातील विजेच्या तारा, बोर्ड, संरक्षक साधने व भूसंपर्कन ऊर्फ अर्थिंग सुरक्षित आहे का, तसेच नव्या रहिवाशांच्या वापराचा भार ही तारजोडणी पेलू शकेल का, हे जाणकाराकडून पाहून घेण्याच्या प्रक्रियेस विद्युत तारजोडणीची खरेदीपूर्व तपासणी असे म्हणतात. घराचे छप्पर, भिंती व मालकीची कागदपत्रे पाहण्याची प्रथा सर्वत्र आहे. तारजोडणी मात्र भिंतीत वा लाकडी पट्टीखाली झाकलेली असल्याने आणि दिवे-पंखे चालू स्थितीत दिसत असल्याने ती बहुधा दुर्लक्षित राहते. दिवा लागतो याचा अर्थ तारजोडणी सुरक्षित आहे असा होत नाही. आवरण झिजलेली तार, तुटलेला अर्थ किंवा सैल जोड असतानाही दिवा लागतोच.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड यांसारख्या विदर्भातील जुन्या गावांत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथील जुनी घरे माती, विटा व सागवानी लाकडाची असतात. उन्हाळा कडक असून लोखंडी पत्र्याचे पाण्याचे कूलर घरोघरी वापरले जातात, आणि वाडे वाटण्यांमुळे अनेक मालकांत विभागलेले असतात.

पार्श्वभूमी

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ वारंवारतेचा असतो. महाराष्ट्रात १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. जून २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनीकडे, म्हणजेच महावितरणकडे आले. कारंजा लाड परिसराचा वीजपुरवठाही याच कंपनीकडे आहे. कंपनीची जबाबदारी सर्वसाधारणपणे मीटरपर्यंत असते. मीटरच्या पुढील तारजोडणी, तिची देखभाल व तिच्यातील दोष ही घरमालकाची बाब असून घर विकले जाताच ती नव्या मालकाकडे जाते.

जुनी तारजोडणी तिच्या काळाच्या मानाने चुकीची होती असे नाही. बदलला तो वापर. ६० वॉटचे पाच-सहा दिवे, दोन पंखे व एक रेडिओ एवढ्या घराचा एकूण भार सुमारे ५०० वॉट, म्हणजे २ अँपिअरच्या थोडा वर जाई. आज त्याच घरात २,००० वॉटचा गीझर, सुमारे १,५०० वॉटचे वातानुकूलन यंत्र, १,००० वॉटची इस्त्री आणि त्यांखेरीज कूलर, फ्रिज, मिक्सर व पाण्याची मोटर एकाच वेळी चालू शकते. हा भार ५,५०० वॉट धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह सुमारे २४ अँपिअर होतो. मूळ अपेक्षेच्या दहापट हा प्रवाह त्याच तारांतून नेला गेल्यास त्या तापतात, आवरण कडक होऊन तडकते आणि लाकडालगत आगीचा धोका निर्माण होतो.

जुन्या तारजोडणीचे प्रकार

तारजोडणीचा प्रकार पाहून तिच्या वयाचा अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रातील जुन्या घरांत पुढील प्रकार आढळतात :

• क्लीट वायरिंग : भिंतीवर चिनीमातीच्या गुटक्यांत धरलेल्या उघड्यावरील तारा. हा प्रकार आता क्वचितच, मुख्यतः माळ्यावर किंवा गोठ्यात उरलेला दिसतो.
• केसिंग-कॅपिंग : खोबणी असलेली लाकडी पट्टी व तिच्यावरील झाकणपट्टी. आतील तारा बहुधा रबराच्या आवरणाच्या व वरून सुती वेष्टनाच्या असतात. कित्येक दशकांनंतर हे रबर ठिसूळ होते व तार हलवताच गळून पडते. पट्टीस वाळवी लागलेली असणेही नेहमीचे आहे.
• बॅटन वायरिंग : सागवानी पट्टीवर पातळ धातूच्या क्लिपांनी बसवलेल्या तारा. गोल लाकडी ठोकळ्यांवरील काळे बेकेलाइटचे स्विच हे या काळाचे ठळक चिन्ह होय.
• लोखंडी नळीतील तारजोडणी : नळी गंजून तिच्या कडा तारेचे आवरण कापतात. काही ठिकाणी नळीलाच अर्थ मानलेले असते. एखादा सांधा सुटला की तो अर्थ संपतो.
• भिंतीतील प्लॅस्टिकच्या नळीची तारजोडणी : ही सर्वांत अलीकडची होय. मात्र बाहेरून नवे बोर्ड आणि आत जुन्याच तारा अशी रचनाही आढळते.

एकाच घरात यांपैकी तीन-चार प्रकार एकत्र असू शकतात. ओसरी व माजघराची जुनी पट्टी, नंतर बांधलेल्या स्वयंपाकघराची नळी आणि न्हाणीघरापर्यंत ओढलेली एखादी सुटी वायर यांच्या सांध्यांपाशीच दोष आढळण्याचा संभव अधिक असतो.

जुन्या तारांची जाडी आजच्यासारखी चौरस मिलिमीटरमध्ये नव्हे, तर धाग्यांची संख्या व गेज यांवरून सांगितली जाई, आणि जुने तारतंत्री अजूनही तीच भाषा वापरतात. ‘तीन-बावीस’ म्हणजे २२ गेजचे तीन धागे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.२ चौ. मिमी असते. ‘सात-बावीस’ सुमारे २.८ चौ. मिमी, ‘तीन-वीस’ सुमारे २ चौ. मिमी, तर ‘सात-वीस’ सुमारे ४.६ चौ. मिमी भरते. दिव्यांसाठी ओढलेल्या तीन-बावीस तारेवर पुढे मोठा सॉकेट जोडून गीझर चालवणे हा वरचेवर आढळणारा दोष होय. आजच्या प्रथेप्रमाणे दिव्यांसाठी १ ते १.५, मोठ्या सॉकेटसाठी २.५ आणि गीझर व वातानुकूलन यंत्रासाठी २.५ ते ४ चौ. मिमी तांब्याची तार वापरतात.

१९६० ते १९८० च्या दशकांतील अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. समान जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा कमी प्रवाह वाहून नेते. परंतु मोठा धोका तारेपेक्षा तिच्या जोडात असतो. अ‍ॅल्युमिनियमवर न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो, स्क्रूच्या दाबाखाली हा मऊ धातू हळूहळू पसरतो व जोड सैल होतो. तांब्याच्या तारेशी त्याला नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली असेल, तर दमटपणात जोड अधिकच लवकर बिघडतो. अशा जोडाचा रोध केवळ अर्धा ओहम झाला, तरी १० अँपिअर प्रवाहाला तेथे ५० वॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे एखाद्या लहान डाग देण्याच्या कावियेइतकी उष्णता बोर्डाच्या आत सतत राहते. प्रवाह मर्यादेतच असल्याने फ्यूज वा एमसीबी यांना हा दोष कळत नाही. पाहणीत तो ओळखावा लागतो.

नजरेने करावयाची पाहणी

पहिली पाहणी खरेदीदार स्वतः, कोणताही बोर्ड न उघडता करू शकतो. सॉकेटभोवती पिवळे वा काळे डाग, वितळलेले प्लॅस्टिक, जळका वास, स्विच दाबताना चरचर, मोटर सुरू होताच दिवे मंद होणे आणि हाताला गरम लागणारी बोर्डाची पट्टी ही सर्व सैल जोडाची किंवा अतिभाराची लक्षणे होत. भिंतीला लावलेला नवा रंगही पाहण्याजोगा असतो. एकाच बोर्डाभोवती ताजा रंग असल्यास तेथील डाग झाकले गेले असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

त्यानंतर मीटरजवळचा मुख्य स्विच पाहिला जातो. जुन्या घरांत लोखंडी पेटीचा मुख्य स्विच व चिनीमातीचे ‘किटकॅट’ फ्यूज असतात. त्यांतील दोन दोष नेहमीचे आहेत. पहिला, वितळतारेऐवजी तांब्याच्या वायरीचे जाड धागे घातलेले असणे. असा फ्यूज कधीच वितळत नाही व भिंतीतील तारच फ्यूजचे काम करते. दुसरा, फेज व न्यूट्रल या दोन्हींवर फ्यूज असणे. न्यूट्रलचा फ्यूज आधी गेला, तर घरातील दिवे विझतात, पण सर्व तारांत फेजचा दाब कायम राहतो. वीज गेली असे समजून काम करणाऱ्यास अशा वेळी धक्का बसतो. त्यामुळे आता न्यूट्रलवर फ्यूज न ठेवता पक्की जोडपट्टी ठेवतात.

तारांचे रंगही बरेच काही सांगतात. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत तांबडा, पिवळा वा निळा रंग फेजसाठी, काळा न्यूट्रलसाठी व हिरवा अर्थसाठी राखलेला आहे. जुन्या घरात हाताशी आली ती तार वापरलेली असल्यास रंगावर विसंबता येत नाही. हिरवी तार कोठेच दिसत नसेल, तर त्या घरात अर्थची तार ओढलेलीच नाही असे बहुधा निघते. दोन छिद्रांचे जुने सॉकेट हेही त्याचेच लक्षण होय.

उपकरणांनी करावयाच्या चाचण्या

या चाचण्या परवानाधारक व्यक्तीनेच कराव्यात. महाराष्ट्रात तारतंत्री व पर्यवेक्षक यांना परवाने व प्रमाणपत्रे आणि विद्युत ठेकेदारांना अनुज्ञप्ती देण्याची शासकीय व्यवस्था आहे. तपासणीनंतर निष्कर्ष लेखी घेणे इष्ट असते.

• विद्युतरोधन चाचणी : मुख्य स्विच बंद करून, सर्व उपकरणे व दिवे काढून, ‘मेगर’ या उपकरणाने तारांवर ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट दिला जातो. तार व भूमी यांमधील रोध किमान १ मेगओहम असावा, ही भारतीय वीज नियम, १९५६ मधील मर्यादा होती. रोध १०,००० ओहमपर्यंत घसरला असेल, तर २३० व्होल्टला २३ मिलिअँपिअर प्रवाह सतत झिरपत असतो.
• ध्रुवता चाचणी : प्रत्येक स्विच फेजच्या तारेवर आहे का, हे पाहतात. स्विच न्यूट्रलवर असल्यास तो बंद असतानाही दिव्याच्या होल्डरमध्ये दाब असतो.
• मंडलांची चाचणी : एकेक फ्यूज काढून कोणता भाग बंद होतो, हे नोंदवतात. राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार दिवे, पंखे व लहान सॉकेट यांच्या एका मंडलावर १० पेक्षा अधिक बिंदू किंवा ८०० वॉटपेक्षा अधिक भार नसावा, आणि मोठ्या सॉकेटच्या एका मंडलावर दोनपेक्षा अधिक सॉकेट नसावेत. जुन्या घरात बहुधा सर्व घर एकाच मंडलावर आढळते.
• भूसंपर्क चाचणी : अर्थ टेस्टरने भूमीत गाडलेल्या इलेक्ट्रोडचा रोध मोजतात.

चाचणीचा हंगामही महत्त्वाचा असतो. मातीच्या भिंती व धाब्याचे छत असलेल्या घरात वैशाखात विद्युतरोधन उत्तम भरते. तेच घर श्रावणात भिंती ओलावल्यावर चाचणीत नापास होऊ शकते. उन्हाळ्यात घर पाहिले असल्यास छताच्या गळतीच्या खुणा व तारांचा मार्ग एकत्र ताडून पाहतात, तसेच पावसाळ्यात पुन्हा चाचणी करतात.

भूसंपर्कन आणि कूलरचा धोका

अर्थिंगचे काम दोष उद्भवल्यावर सुरू होते. म्हणूनच ते नसल्याचे एरवी जाणवत नाही. विदर्भात उन्हाळ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कूलरमध्ये पाणी, पंप, मोटर व लोखंडी पत्रा एकत्र असतात, आणि पाणी भरताना माणूस ओल्या जमिनीवर उभा राहून पत्र्याला हात लावतो. पंपाच्या तारेचे आवरण फाटल्यास पत्र्यात फेजचा दाब उतरतो. अर्थ नसलेल्या घरात तो माणसाच्या शरीरातूनच जमिनीकडे जातो. कूलरच्या धक्क्याने होणारे मृत्यू टाळण्यासाठी महावितरण उन्हाळ्यात जाहीर आवाहने करते.

जुन्या घरांत अर्थ नष्ट होण्याची काही ठरावीक कारणे आहेत. पूर्वी अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपाला जोडत. पुढे नळजोडणी प्लॅस्टिकची झाली आणि तार तशीच राहिली. दिसायला अर्थ आहे, पण तो जमिनीपर्यंत पोचत नाही. काही ठिकाणी सॉकेटमधील अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून ‘अर्थ दिला’ असे समजतात. अशा जोडणीत न्यूट्रल तुटताच उपकरणाच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. परसातील अर्थचा खड्डा फरशीखाली गाडला जाणे हेही नेहमीचे आहे.

काळ्या कापसाच्या जमिनीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. ओली असताना ही माती विजेची चांगली वाहक असते. उन्हाळ्यात मात्र ती आकसून भेगाळते व इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते. कूलर सर्वाधिक चालतो त्याच महिन्यांत अर्थ सर्वांत कमकुवत असतो. यासाठी खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालण्याची पद्धत आहे. घरगुती अर्थसाठी साधारणपणे २.५ मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी पाइप कोळसा व मीठ यांच्या थरांत गाडतात.

फेज व अर्थ यांमध्ये १०० वॉटचा दिवा लावून तो लख्ख पेटला की अर्थ उत्तम आहे असे मानण्याचा प्रघात आहे. तो फसवा ठरतो. अशा दिव्यातून केवळ ०.४३ अँपिअर प्रवाह जातो. अर्थचा रोध २० ओहम असला, तरी त्यात जेमतेम ९ व्होल्ट दाब खर्च होतो आणि दिव्याच्या प्रकाशात फरक दिसत नाही. प्रत्यक्ष दोषाच्या वेळी मात्र त्याच अर्थमधून २३० भागिले २०, म्हणजे फार तर ११.५ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही. कूलरचा पत्रा जिवंत राहील आणि वीजबिल वाढण्याखेरीज कोणतीच खूण दिसणार नाही.

यावरील उपाय म्हणजे आरसीसीबी हे साधन होय. फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला की ते पुरवठा तोडते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचे साधन बसवतात. तेवढी गळती होताच ते ०.३ सेकंदाच्या आत बंद पडते. अतिभारापासून ते संरक्षण देत नाही. म्हणून एमसीबीही आवश्यक असतात. जुन्या तारजोडणीवर आरसीसीबी बसवल्यावर ते वारंवार पडते, अशी तक्रार ऐकू येते व ते काढून टाकले जाते. वस्तुतः वारंवार पडणे ही तारांत गळती असल्याची किंवा दोन मंडलांचे न्यूट्रल एकत्र झाल्याची सूचना असते. घर पाहताना आरसीसीबी टाळून केलेली थेट जोडणी दिसल्यास तिचे कारण विचारणे आवश्यक ठरते.

कारंजा लाड येथील जुनी घरे

कारंजा लाड हे दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून, तसेच काष्ठासंघ, सेनगण व बलात्कारगण यांच्या जैन मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले जुने व्यापारी गाव आहे. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या नावांच्या वेशी त्याच्या जुन्या विस्ताराची साक्ष देतात. अशा गावांच्या जुन्या भागातील वाडे विजेपूर्वीच्या काळात बांधलेले असल्याने त्यांतील तारजोडणी नंतर, टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक पिढीच्या सोयीने झालेली असते.

या घरांत तीन बाबी विशेष तपासल्या जातात. पहिली, सागवानी तुळया व फळ्यांचे माळवद यांना लागून गेलेल्या तारा. येथे तापलेला जोड थेट लाकडाशी असतो आणि माळ्यावर साठवलेल्या कापूस, कडबा वा जुन्या सामानामुळे आग पसरण्यास वाव मिळतो. दुसरी, उंदीर व घुशींनी कुरतडलेली आवरणे; मातीच्या भिंतींतील बिळे व तारांचा मार्ग बहुधा एकच असतो. तिसरी, टिनाच्या छपराखालील तारा. छपराखालचे तापमान बाहेरील हवेपेक्षा बरेच अधिक असते आणि सभोवतालची उष्णता वाढते तशी तारेची प्रवाह वाहण्याची क्षमता घटते.

वाटण्या झालेल्या वाड्यात आणखी एक प्रश्न उद्भवतो. मीटर एका भावाच्या हिश्श्यात, मुख्य स्विच दुसऱ्याच्या ओसरीत आणि तिसऱ्याच्या न्हाणीघराची तार विक्रीस असलेल्या खोलीतून गेलेली, अशी स्थिती असू शकते. ती ओळखण्याची साधी रीत म्हणजे विकावयाच्या भागाचा मुख्य स्विच बंद करून त्यातील काही जिवंत राहते का व शेजारच्या घरातील काही विझते का, हे पाहणे. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर जागेखेरीज अन्य जागेस वीज देणे हा अनधिकृत वापर ठरतो. त्यामुळे स्वतंत्र मीटर व स्वतंत्र तारमार्ग यांची तजवीज खरेदीखतापूर्वी होणे आवश्यक असते.

कागदपत्रे व कायदेशीर बाजू

वीजबिलावरून ग्राहकाचे नाव, मंजूर भार, वापराचा प्रवर्ग व थकबाकी कळते. मंजूर भार १ किलोवॉट असलेल्या घरात वातानुकूलन यंत्र व गीझर चालत असल्यास भारवाढीचा अर्ज व नव्या सर्व्हिस वायरचा खर्च पुढे येऊ शकतो. मीटरचे सील शाबूत आहे का, मीटरच्या अलीकडून एखादी तार गेली आहे का, हेही पाहतात. मीटरशी छेडछाड किंवा परस्पर जोडणी हा कलम १३५ खाली वीजचोरीचा गुन्हा आहे.

थकबाकीचा प्रश्न नव्या मालकापर्यंत येऊ शकतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेत पूर्वीच्या मालकाची थकबाकी मालमत्तेवरील बोजा मानली होती. वारसाखेरीज अन्य खरेदीदाराची जबाबदारी कमाल सहा महिन्यांच्या थकीत आकारापुरती मर्यादित होती. २०२१ मध्ये या संहितेची जागा नव्या विनियमांनी घेतली. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी, पूर्वीच्या ग्राहकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागण्याची नियमांतील तरतूद वैध ठरवली. म्हणून थकबाकी नसल्याची खात्री करून घेऊन खरेदीनंतर लगेच वीजजोडणी नव्या मालकाच्या नावावर करून घेतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदाराला साधारण दक्षतेने न उमगणारा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. उघड्या डोळ्यांना दिसणारा दोष मात्र या संरक्षणात येत नाही. जळका बोर्ड पाहूनही खरेदी केल्यास पुढे तक्रारीस फारसा आधार उरत नाही.

निष्कर्षांचा उपयोग

तपासणी इसार देण्यापूर्वी झाली तरच तिचा पुरेसा उपयोग होतो. तारतंत्र्याच्या नोंदींवरून कामाचे तीन गट करतात : ताबा घेण्यापूर्वीच करावयाचे, वर्षभरात करावयाचे आणि तूर्त न केले तरी चालणारे. अर्थ नसणे, आरसीसीबी नसणे, न्यूट्रलवरील फ्यूज, ठिसूळ रबरी तारा व तापणारे जोड ही कामे पहिल्या गटात मोडतात. तारजोडणीचे दर सामान्यतः पॉइंटप्रमाणे ठरत असल्याने पॉइंट मोजून लेखी अंदाजपत्रक घेता येते आणि ती रक्कम किमतीच्या वाटाघाटीत मांडता येते.

संपूर्ण तारजोडणी बदलताना जुन्या वाड्याच्या बांधणीचा विचार करावा लागतो. मातीच्या भिंतीत खोल खाचा पाडल्यास ती कमकुवत होते आणि कोरीव तुळईस छिद्रे पाडल्यास तिचे नुकसान भरून येत नाही. अशा घरांत आग न पसरवणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या किंवा पट्ट्या भिंतीच्या पृष्ठभागावरून नेणे अधिक योग्य मानतात. पुढील तपासणीही त्यामुळे सोपी होते. जुन्या तारा जागच्या जागी सोडून न देता त्यांचा पुरवठ्याशी असलेला संबंध दोन्ही टोकांना तोडतात. नव्या तारजोडणीचा आराखडा, मंडलांची यादी व चाचणी अहवाल मुख्य बोर्डाजवळ ठेवल्यास पुढील दुरुस्तीच्या वेळी तो तारतंत्र्याच्या उपयोगी पडतो.

हेही पाहा

• भूसंपर्कन
• महावितरण
• राष्ट्रीय विद्युत संहिता
• वाडा (वास्तुप्रकार)
• कारंजा लाड